पोकर शिकायचाय, पण कोणता?

तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला पोकर शिकवायला घेतलं की पहिल्या अर्ध्या तासात एक प्रसंग हमखास घडतो. त्याच्याकडे सलग पाच पत्ते असतात, समोरच्याकडे एकाच रंगाचे पाच, आणि हा खुशाल पॉट (मधोमध जमलेले पैसे) ओढायला हात पुढे करतो. त्याचं चुकतं असंही नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असते, पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटच्या वर. 52 पत्त्यांतून तीन उचलले तर साधी सिक्वेन्स 720 प्रकारे जमते आणि कलर 1,096 प्रकारे. पाच उचलले की पारडं फिरतं: स्ट्रेट 10,200 प्रकारे, फ्लश फक्त 5,108 प्रकारे. जे दुर्मीळ ते वरचं, एवढंच तत्त्व. (तीन पत्तीनं ते स्वतःच मोडलंय. प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे लागते आणि ट्रेल 52 प्रकारे, तरी मान ट्रेलचा. असो.) गड्डीतून दुर्रीपासून पंजीपर्यंतचे पत्ते काढून 36 पत्त्यांचा शॉर्ट डेक खेळायला बसा, की फ्लश आणखी वर चढून फुल हाउसला (तीन सारखे आणि एक जोडी) मागे टाकतो.

पत्त्यांची संख्या बदलली की कशाला किती किंमत द्यायची हे बदलतं, आणि नवख्या माणसाच्या डोक्यात तर मुळातली किंमतच अजून बसलेली नसते. म्हणून ‘एकच प्रकार धरू की दोन-तीन सोबत शिकू?’ या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: एकच. पण ‘एक’ म्हणजे लोक जे समजतात त्यापेक्षा बरंच अरुंद.

‘मी फक्त होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच) खेळतो’ असं म्हणणारा माणूस शुक्रवारी नऊ जणांच्या कॅश टेबलावर बसतो, शनिवारी टूर्नामेंट खेळतो आणि रविवारी मित्राबरोबर दोघंच पत्ते वाटून घेतो. नाव एक, खेळ तीन. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यात आधी बोलायची पाळी आली तर शंभरातले दहा-बारा हात खेळण्यासारखे असतात. सहा जणांच्या टेबलावर त्याच जागेवरून पंधरा ते अठरा. बटनवर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, बसल्यावर, आधीच्या सगळ्यांनी टाकल्यावर, चाळीस-पंचेचाळीस. दोघांच्या खेळात बटनवरून ऐंशीच्याही वर. राजा-नव्वी ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांचे) हा हात पहिल्या ठिकाणी केरात जातो आणि शेवटच्या ठिकाणी त्यावर डोळे मिटून रेज, म्हणजे रक्कम वाढवणं, होतं. तीन दिवसांत तिन्ही खेळणाऱ्याला कळत नाही की त्याचा अंदाज चुकला की टेबलच वेगळं होतं.

स्टॅकचा, म्हणजे समोर किती चिप आहेत याचा, फरक तर याहून मोठा. एक डाव जवळून बघू. टेबल 100-200 चं, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीनं लावायचे ब्लाइंड 100 आणि 200. तुमच्या हातात बदामाची राणी आणि बदामाची दश्शी. फ्लॉपवर (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते) दोन बदाम, तिसरा पत्ता इस्पिकचा एक्का. पॉट 3,000. समोरच्यानं 1,500 लावले. तुम्ही 1,500 टाकून 4,500 साठी झगडताय, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. 25 टक्के हवेत. बाहेर उरलेले बदाम नऊ, न दिसलेले पत्ते 47. पुढच्या पत्त्यावर बदाम यायची शक्यता 19 टक्के. टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) दोन्ही फुकट बघायला मिळाले तर 35 टक्के.

आता समोरच्याचे 1,500 हे त्याचे शेवटचे पैसे असतील, तर पुढे काही लावायचंच नाही. दोन्ही पत्ते दिसणार. 35 हे 25 पेक्षा जास्त, म्हणून कॉल, म्हणजे तेवढेच टाकायचे. पण दोघांकडेही मागे 18,000 पडलेत तर टर्नवर तो पुन्हा लावणार, म्हणून आज तुम्ही फक्त एक पत्ता विकत घेताय. 19 हे 25 पेक्षा कमी. तूट भरायची तर बदाम लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी 1,830 रुपये निघायला हवेत. निघतील का? समोरचा एक्का-राजा घेऊन हटून बसणारा असेल तर आरामात. तिसरा बदाम पडताच पत्ते फेकणारा असेल तर नाही. आणि हीच जागा टूर्नामेंटमध्ये बक्षिसांच्या उंबरठ्यावर आली, तुमचा सगळा स्टॅक या कॉलमध्ये जाणार असेल, तर 25 चा उंबरठा 30-35 वर सरकू शकतो, कारण टूर्नामेंटमध्ये गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असते. तेच पत्ते, तीच रक्कम, तीन वेगळी उत्तरं. ज्यानं पहिलं उत्तर पुरतं पचवलेलं नाही, त्याला तिसरं सांगून उपयोग काय?

जोडीचंही तसंच. पंजीची जोडी घेऊन 600 चा रेज कॉल करायचा तो फ्लॉपवर तिसरी पंजी लागेल या आशेनं. ती साडेआठ वेळांत एकदा लागते, आणि लागली तरी दर वेळी समोरचा पैसे देत नाही. म्हणून मागे कॉलच्या दहा-पंधरा पट, म्हणजे 6,000 ते 9,000 तरी मिळण्यासारखे असावेत. 20,000 च्या कॅश स्टॅकमध्ये हिशोब बसतो. टूर्नामेंटमध्ये 4,000 उरलेत, ब्लाइंड 100-200 आहेत, तर कॉलनंतर 3,400 उरतात, सहा पटही नाहीत. कॅशची सवय घेऊन आलेला माणूस असे चार कॉल करतो आणि निम्मा स्टॅक वितळल्यावर नशिबाला बोल लावतो. उलट टूर्नामेंटमधून आलेला माणूस दहा-बारा ब्लाइंड उरल्यावर सगळं पुढे ढकलायला शिकलेला असतो. तो शंभर ब्लाइंड घेऊन एक्का-गुलामवर तीनदा रेज करतो आणि त्याला फक्त त्याच्यापेक्षा चांगला हात कॉल करतो.

म्हणून माझी शिफारस: नो-लिमिट (कितीही लावता येणारं) टेक्सस होल्डेम, कॅश, आठ-नऊ जणांचं टेबल, शंभर ब्लाइंडचा स्टॅक. स्टॅक घसरला तर टेबलाच्या नियमात बसेल तितका पुन्हा भरायचा. होल्डेमच का? एक कारण अगदी कोरडं आहे. सुरुवातीचे दोन पत्ते 1,326 प्रकारे येतात आणि रंगांचा भेद पुसला की 169 प्रकार उरतात. ते एका पानावर मावतात, प्रत्येक जागेचं पान पाठ करता येतं. ओमाहाच्या चार पत्त्यांचे 2,70,725 प्रकार होतात, पाच पत्त्यांच्या ओमाहात ते 25,98,960 वर जातात. तिथं तक्ता पाठ करता येत नाही, तत्त्वं कळावी लागतात, आणि ती तत्त्वं होल्डेममध्ये स्वस्तात शिकता येतात.

दुसरं कारण वेळेचं, आणि माझ्या मते खरा निकाल तेच लावतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं देशभर बंद झालं. एका वेळी चार टेबलं उघडून तासाला तीनशे डाव बघायची सोय गेली. आता मराठी माणसाला पैशाचं टेबल हवं तर तो गोव्याला जातो, पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो जहाजावर किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलात. तिथं डीलर हातानं वाटतो, लोक विचार करतात, कुणी चहा मागवतो. तासाला 25 ते 30 डाव होतात. आठ तास बसलात तर 200 ते 240. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे दिवसातून एकदा, नाहीतर नाहीच. कुठलीही जोडी 17 डावांत एकदा, म्हणजे दिवसाला बारा-चौदा. त्या सगळ्या घेऊन फ्लॉप बघितलात तरी सेट (जोडीला फ्लॉपवर तिसरा जुळणं) दिवसाकाठी दीड. आता हा दिवस चार तास होल्डेम, दोन तास ओमाहा, दोन तास टूर्नामेंट असा वाटून टाका. सेट लागल्यावर कसं खेळायचं हे शिकायला वर्ष पुरणार नाही.

‘पण मी तर जिंकतोय’ हे उत्तरही टिकत नाही. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागे निकालाचं प्रमाण विचलन (सरासरीपासून निकाल किती हेलकावतो त्याचं माप) साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड असतं. 10,000 डावांनंतरही तुमच्या सरासरीत शंभरामागे आठ-दहा ब्लाइंड इकडे-तिकडे व्हायला जागा उरते, आणि एवढ्या फटीत कच्चा आणि पक्का दोघंही लपतात. तासाला 25 डावांनी 10,000 म्हणजे 400 तास. पॉट-लिमिट ओमाहात हेलकावे याहून मोठे, तिथं आणखी डाव लागतील. थोडक्यात, पैशाकडे बघून आपण शिकलो की नाही हे नवख्याला वर्षभर तरी कळत नाही. निर्णय तपासूनच कळतं, आणि निर्णयाची तुलना सारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या निर्णयाशी करावी लागते. खेळ दर आठवड्याला बदलला तर तुलना कशाशी करणार?

या बोलण्यावर एक आक्षेप नेहमी येतो: मोठे खेळाडू तर सगळं खेळतात. खरं आहे. लास व्हेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 2006 साली 50,000 डॉलर प्रवेश फीची हॉर्स स्पर्धा सुरू झाली. होल्डेम, ओमाहा हाय-लो (पॉट मोठ्या आणि छोट्या हातात वाटला जातो), रॅझ (छोटा हात जिंकतो), स्टड आणि स्टड हाय-लो असे पाच खेळ आळीपाळीनं. ती पहिली स्पर्धा चिप रीझ या अमेरिकी खेळाडूनं जिंकली आणि आज त्या स्पर्धेचा चषक त्याच्या नावानं आहे. पण त्याच रीझचं नाव आधी झालं ते सेव्हन कार्ड स्टडमध्ये. डॉयल ब्रन्सन या नामांकित खेळाडूनं 1970 च्या दशकाच्या अखेरीस पोकरवरचा जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात नो-लिमिट होल्डेम स्वतः लिहिलं आणि स्टड रीझकडे, ड्रॉ माइक कारोकडे, हाय-लो डेव्हिड स्क्लान्स्कीकडे, लिमिट होल्डेम बॉबी बाल्डविनकडे सोपवलं. ब्रन्सन यातला प्रत्येक खेळ उत्तम खेळत होता. तरीही त्यानं प्रत्येक प्रकरण त्या-त्या खेळात मुरलेल्याला दिलं.

ओमाहाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण गोव्यात होल्डेमच्या शेजारच्या टेबलावर बहुधा तोच चालू असतो आणि तिथले पॉट बघून नवख्याचे डोळे विस्फारतात. हातात चार पत्ते, पण वापरायचे बरोबर दोन. टेबलावरचे बरोबर तीन. टेबलावर बदामाचे चार पत्ते पडलेत, राजा, नव्वी, सत्ती, तिर्री, आणि हातात बदामाचा एकटा एक्का. होल्डेममध्ये हा सर्वात मोठा फ्लश. ओमाहात फ्लशच नाही, कारण हातातला दुसरा बदाम कुठाय? होल्डेमवाल्याचे पहिले मोठे पैसे इथंच जातात. (मुरलेले लोक हाच एकटा एक्का ब्लफसाठी वापरतात. तो आपल्याकडे असल्यानं सर्वात मोठा फ्लश दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही. पण ते तिसऱ्या इयत्तेतलं.)

दुसरे पैसे एक्क्यांच्या जोडीत जातात. होल्डेममध्ये एक्के विरुद्ध राजे म्हणजे 82 विरुद्ध 18. ओमाहात एक्क्यांची जोडी चांगल्या जुळलेल्या सलग पत्त्यांपुढे साठ-चाळीसच्या आसपास येते, आणि फ्लॉपवर काही लागलं नाही तर ती निव्वळ एक जोडी असते. तिसरी चूक मधल्या फ्लशची. समोर चार जण असतील तर प्रत्येकाच्या चार पत्त्यांत दोन-दोनच्या सहा जोड्या दडलेल्या. नव्वीचा फ्लश होल्डेममध्ये पैसे कमावतो, ओमाहात दुसऱ्याचे पैसे भरतो. शिवाय पॉट-लिमिटचा (एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढं वाढवता येणं) हिशोब. पॉटमध्ये 1,000, समोरच्यानं 1,000 लावले; तुम्ही जास्तीत जास्त किती टाकू शकता? आधी 1,000 चा कॉल धरायचा, पॉट 3,000 झाला, मग त्यावर 3,000. एकूण 4,000. प्रत्येक फेरीला पॉटएवढी बेट आणि एक कॉल झाला तरी पॉट तिप्पट होतो, म्हणून ‘लिमिट’ शब्दावर भाळू नये.

ओमाहाचा परतीचा प्रवास आणखी वाईट. दोन दिवस ओमाहा खेळून होल्डेमला बसलात की एक्का-राणी घेऊन वर एक्का लागला तरी तो हात किरकोळ वाटायला लागतो आणि दोन फेऱ्या पैसे लावायच्या जागी तुम्ही चेक करत राहता. हे नुकसान दिसत नाही, कारण न कमावलेले पैसे कुणी मोजत नाही.

मग दुसरा खेळ कधीच नको का? हवा, पण चवीपुरता नको. पहिल्या खेळात जे जमत नाही त्यावर औषध म्हणून, आणि सुरुवातीला बिनपैशाचा, घरी, चिंचोक्यांवर. फ्लॉप बघून ‘इथं सर्वात मोठा हात कोणता’ हे पटकन सुचत नसेल तर ओमाहा वाटून बसा. तिथं पुष्कळ डावांत कुणाकडे तरी तो असतो. आउट्स (आपला हात बनवणारे उरलेले पत्ते) मोजायचा कंटाळा असेल तर सेव्हन कार्ड स्टड. त्यात प्रत्येकाचे चार पत्ते उघडे पडतात आणि फोल्ड केलेले पालथे होऊन जातात, ते लक्षात ठेवावे लागतात. तुमच्याकडे चार बदाम असले आणि बाकीच्यांचे चार बदाम पडून गेले असले, तर उरले नऊ नव्हे, पाच. मेंढीकोटात दश्श्या आणि हुकूम मोजत बसलेल्या मंडळींना हे चटकन जमतं, होल्डेमवाल्यांना घाम फुटतो. शॉर्ट स्टॅकची भीती वाटत असेल तर एका टेबलाची छोटी टूर्नामेंट लावा. लिमिट होल्डेम (बेटची रक्कम ठरलेली असते) मात्र मी नवख्याला देत नाही. तिथं रिव्हरला पॉटमध्ये आठ बेट आणि कॉल एकाचा असतो, नवात एकदा जिंकलात तरी पुरे. ‘बघूया तरी’ ही सवय लागते, आणि नो-लिमिटमध्ये पॉटएवढ्या बेटला कॉल करायला तिनात एकदा जिंकावं लागतं.

गोव्याच्या दोन फेऱ्यांमध्ये महिने जातात, तेव्हा सराव घरीच. एक गड्डी पुरते. नऊ जागांवर दोन-दोन पत्ते वाटा, बटन ठेवा, सगळे उलटे करा आणि पहिल्या जागेपासून एकेक हात घेऊन ‘या जागेवरून, आधी सगळ्यांनी टाकलंय असं धरून, रेज की फोल्ड’ हे दहा सेकंदांत बोला. नंतर तक्त्याशी ताडून बघा. एका वाटपात आठ निर्णय होतात (बिग ब्लाइंडचा सोडून). दहा वाटपं अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. एवढे निर्णय टेबलावर यायला तीन तास लागतात. चुका बहुतेक दोन ठिकाणी सापडतील: पहिल्या जागेवरून राजा-गुलाम, एक्का-नव्वी असे देखणे हात टाकवत नाहीत, आणि बटनवरून सत्ती-छक्कीसारखे एकाच रंगाचे हात उगाच टाकले जातात. मग फक्त टेबलावरचे पाच पत्ते उघडा आणि प्रत्येक पत्त्यागणिक सर्वात मोठा हात सांगा. टेबलावर जोडी पडली की फ्लशवर अडकलेली जीभ फुल हाउसकडे वळायला वेळ घेते, तिथं जास्त घासा.

दुसऱ्या खेळाकडे वळण्याआधी मी तास मोजत नाही, एक गोष्ट बघतो. नो-लिमिटमध्ये डीलर पॉटची रक्कम मोजून सांगत नाही. डावात नसतानाही, कुठल्याही क्षणी पॉटमध्ये किती आहेत हे तुम्हाला सांगता येतं का? आणि डाव संपल्यावर कोण कुठल्या जागेवरून किती लावून गेला हे क्रमानं? पत्त्यांकडे बघण्यात लक्ष संपत नसेल तरच हे जमतं. ते जमायला लागलं की नवीन नियम डोक्यात जायला जागा आहे असं समजायचं.

पैशाचं एक बोलून टाकतो. 100-200 च्या टेबलावर शंभर ब्लाइंड म्हणजे 20,000. कॅशसाठी असे वीस-तीस स्टॅक बाजूला असावेत असं म्हणतात, म्हणजे चार ते सहा लाख. टूर्नामेंटसाठी प्रवेश फीच्या शंभर पट. दोन प्रकार खेळायचे तर दोन वेगळ्या थैल्या. हौशी माणसाकडे एकही नसते. तर मग प्रामाणिकपणे दोन स्टॅक सहलीचा खर्च म्हणून धरावेत, गेले तर उठावं, आणि टेबलाला बसण्याआधी रेकचे (प्रत्येक पॉटमधून कॅसिनो कापून घेतो तो वाटा) टक्के आणि कमाल रक्कम विचारून घ्यावी. छोट्या टेबलावर रेकच नवख्याचा सर्वात मोठा प्रतिस्पर्धी असतो.

घरच्या बैठकीत मात्र मित्रमंडळी ऐकत नाहीत, दर थोड्या वेळानं कुणीतरी ‘आता दुसरं काही’ म्हणतंच. मग किमान शिस्त तरी ठेवा. एक पूर्ण फेरी एकच खेळ, मध्ये बदल नाही. पुठ्ठ्यावर खेळाचं नाव आणि ‘मोठा जिंकतो’, ‘छोटा जिंकतो’ किंवा ‘अर्धा-अर्धा’ एवढं ठळक लिहून मधोमध ठेवा, कारण रॅझ, स्टड आणि स्टड हाय-लो तिन्ही दिसायला हुबेहूब सारखे वाटले जातात आणि एक्का-दुर्री-तिर्री बघून हरखलेला माणूस साध्या स्टडमध्ये पाचव्या पत्त्यापर्यंत पैसे टाकत राहतो. हाय-लोमध्ये बरोबरीचा छोटा हात निघाला तर वाटा पाव होतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पॉट वाटताना भांडण ठरलेलं. आणि स्टडच्या फेऱ्यांत बटन हलत नाही, तेव्हा किती डाव झाले हे मोजायला एकाला आधीच नेमून ठेवा.